भिंतीतली गुणगुण

गल्लीत त्यांना सगळे पडदेवाल्या बाई म्हणत. खिडक्यांचे, दारांचे, दवाखान्यात खाटांभोवती असतात ते, शाळेच्या रंगमंचाचे, असे त्या भागातले निम्मे पडदे त्यांच्याच हातचे. कापड नुसतं झटकून अंगावर धरलं की किती चुण्या बसतील ते त्यांना कळायचं. पण बाईंचं नाव निघालं की लोकांना पडद्यांच्या आधी आठवायची ती त्यांची भीती. बाई विजेला घाबरत.

घाबरत म्हणजे किती, तर दिव्याचं बटण त्यांनी कधी बोटाने दाबलं नाही. कापड मापायची लाकडी पट्टी सतत हाताशी असायची, तिच्या टोकाने बटण दाबायचं आणि लगेच हात मागे घ्यायचा. शिवणाचं मशीन पायाचं. मोटर बसवून देतो, पाय तरी सुटतील, असं किती जणांनी सांगितलं. बाई हसून विषय बदलायच्या. दिवा गेला तर नवरा मेन बंद करून बदलायचा आणि तोवर बाई जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या. इस्त्रीला तर त्यांनी लग्नानंतर हातच लावला नव्हता. नवरा औषधांच्या दुकानात कामाला होता. संध्याकाळी घरी आला की चहा घ्यायचा आणि शिवणाच्या खोलीत खिडकीशी उभा राहून शिवलेले पडदे इस्त्री करायचा. एवढ्या वर्षांत त्याने कधी कुरकुर केली नाही. गिऱ्हाईक आलं तर म्हणायचा, "शिवायचं हिने, सुरकुत्या काढायच्या मी. हिच्या कपाळावरच्या तेवढ्या निघत नाहीत."

त्या शिवणाच्या खोलीबद्दल बाईंची एक तक्रार होती. खिडकीकडच्या भिंतीत काहीतरी गुणगुणतं, असं त्या म्हणायच्या. दुपारी सगळं सामसूम असताना मशीन थांबवलं की त्यांना ऐकू यायचं, किंवा ऐकू आल्यासारखं वाटायचं. नवऱ्याने भिंतीला कान लावून पाहिला, शेजारणीने लावला. कुणालाच काही ऐकू आलं नाही. नवरा कधीकधी म्हणायचा की ओल्या हाताने खिडकीच्या गजाला धरलं तर बोटांना मुंग्या येतात, पण ते वयामुळे असेल. बाईंनी हे ऐकलं आणि मशीन ओढून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. सगळ्यांनी समजूतदारपणे मान हलवली. बाईंचं हे असंच चालायचं.

ही भीती त्या जन्मापासून घेऊन आल्या नव्हत्या. उलट त्या लहानाच्या मोठ्या झाल्या त्या विजेच्याच वस्तूंमध्ये. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आई लवकर गेली होती, त्यामुळे शाळा सुटली की मुलगी दुकानात आणि तिच्या मागे तिचा धाकटा भाऊ. गरम राळेचा आणि वितळलेल्या शिशाचा वास, पोट उघडून पालथे पडलेले रेडिओ, त्यांच्यात वडिलांचा वाकलेला चष्मा. तिथेच मुलीला तारांची वाद्यं ऐकण्याचा नाद लागला. एका मासिकात तिने इलेक्ट्रिक गिटारचा फोटो पाहिला आणि वडिलांपुढे धरला. वडिलांनी तशी गिटार कधी हातात घेतली नव्हती. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला, मग भिंग लावून पाहिला, आणि म्हणाले, "यात काय, रेडिओच आहे. फक्त तारा बाहेर."

आणि त्यांनी खरोखर बनवली. अशी गिटार जगात दुसरी नसेल. तिचं अंग एका मोठ्या जुन्या रेडिओच्या लाकडी पेटीतून कापलेलं, म्हणून एका कडेला स्टेशनांच्या आकड्यांची काच जिथे बसायची ती खाच तशीच राहिली होती. आवाज बदलायला रेडिओचीच दाबायची बटणं. एक दाबलं की दुसरं खट्कन वर यायचं. त्यातलं शेवटचं बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. खाच पाच बटणांची होती आणि वडिलांना चारच आवाज सुचले होते, म्हणून पाचवं नुसतं शोभेला. धाकट्याला मात्र तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटायचं आणि तो येताजाता ते दाबून पळायचा. मानेवर खुणेचे ठिपके हवेत म्हणून आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं बसवली होती. तारा ज्यात अडकवायच्या तो खालचा भाग म्हणजे दाराची पितळी बिजागरी. समोरून सगळ्या अंगावर चकचकीत पत्रा. मान मुलीच्या लहान पंजाच्या मापाची. मानेवरच्या सुरांच्या पट्ट्यांची अंतरं वडिलांनी गणित करून काढली होती, पण वरच्या बाजूला एका पट्टीत गणित चुकलं होतं. तिथला सूर जरा उतरलेला लागायचा. मुलगी तिथे तार बोटाने किंचित ओढायला शिकली. हळूहळू ते ओढणं तिच्या बोटांत इतकं मुरलं की चूक कुणाला ऐकूच येईना.

शेजारच्या मुलींनी मिळून एक लहानसा वाद्यवृंद काढला. बोलावणी येऊ लागली. अशाच एका कारखान्याच्या क्लबात कार्यक्रम होता. गिटारचा आवाज मोठा करणारी पेटीही वडिलांनीच बांधलेली. माइक दुसऱ्या कुणाचा, भाड्याचा. त्या काळचा प्लग दोन पायांचा, सुलटा बसतो तसा उलटाही बसतो. त्या दिवशी तो उलटा बसला होता. हे कुणाला दिसलं नाही, दिसण्यासारखं नव्हतंच. मुलगी तारा दाबून वाजवत होती. गाण्याची दुसरी ओळ तिच्या वाट्याची होती. ती माइककडे वाकली आणि तिचे ओठ माइकच्या जाळीला लागले.

नंतर लोकांनी सांगितलं की ती किंचाळली नाही. तिला किंचाळताच आलं नाही. सगळं अंग आतून कुणीतरी मुठीत आवळलं होतं. डाव्या हाताची बोटं तारांवर मिटली ती उघडेनात. तिला सगळं दिसत होतं, पहिल्या रांगेतली माणसं अजून टाळ्यांचा ताल धरून होती, आणि तिला एवढंच कळत होतं की हे थांबवणं आपल्या हातात नाही. वडील विंगेतून धावत आले आणि त्यांनी वायरच उपटली.

ती जगली. ओठावर एक पांढरा ठिपका राहिला आणि डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर तारांचे आडवे वळ. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने गिटारचं विचारलं, तेव्हा वडील पाठ करून उभे होते. "मोडून जाळून टाकली," ते म्हणाले. "विषय संपला." पुढे त्यांनीच कुठूनतरी पायाचं शिवणाचं मशीन आणून दिलं. पण त्या दिवसापासून ते तिच्याशी मोजकंच बोलत, आणि बोलताना तिच्या हातांकडे बघायचं टाळत. मुलीने मनाशी धरलं की बाबा रागावलेत. इतकं जीव ओतून बनवलेलं वाद्य, इतक्या लोकांत झालेला तमाशा. तिने कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. तिचं लग्न झालं, वडील म्हातारे झाले आणि एक दिवस गेले.

दुकान धाकट्याने चालवलं. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, मग मिक्सर आणि पंख्यांवर आलं. शेवटी जागामालकाला जागा परत हवी झाली आणि धाकटा दुकान आवरू लागला. आवरताना त्याला जे सापडलं ते घेऊन तो एका सकाळी बहिणीकडे आला. जुन्या चादरीत गुंडाळलेलं, लांबट. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू हरवलेलं माणूसच घेऊन आलाय. बाई जमिनीवर कापड पसरून कापत होत्या. त्याने चादर सोडली.

बाईंनी पाहिलं आणि त्या तशाच मागे सरकल्या. पाठ भिंतीला टेकली तशी दचकून भिंतीपासूनही दूर झाल्या. मागे भिंत, पुढे गिटार, आणि मधे कुठे उभं राहावं ते त्यांना सुचेना. डाव्या हाताची बोटं त्यांनी उजव्या हाताने घट्ट धरली होती.

"ती जाळली होती," त्या म्हणाल्या.

धाकट्याने सांगितलं की मोठ्या कपाटामागे एक फळी ठोकलेली होती. ती काढली तर आत ही. त्याला वाटलं होतं की ताईला बरं वाटेल. ते सगळं घडलं तेव्हा तो इतका लहान होता की त्याला फक्त पाचवं बटण आठवत होतं. बहिणीचा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला. बाईंनी एवढंच म्हटलं की ही घरात नको. पण दुकानाची किल्ली त्याच दिवशी परत द्यायची होती आणि त्याचं स्वतःचं घर दुकानातल्या सामानाने आधीच तुंबलेलं. तेव्हा गिटार चादरीसकट गॅलरीत गेली आणि बाईंनी गॅलरीचं दार लावून घेतलं.

पुढचे काही दिवस त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. बाई धुतलेले कपडे गच्चीवर नेऊन वाळत घालू लागल्या, म्हणजे गॅलरीत जायला नको. मशीनवर बसल्या की दोरा तुटायचा. नवऱ्याने समजावलं की अगं, ते लाकूड आहे, कशाला जोडलेलं नाही, त्यात वीज कुठून येणार? बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. पण साप मारला म्हणून कुणी सांगावं, त्या भरवशावर आयुष्य काढावं, आणि मग एका सकाळी तो जिवंत, अंगणात वेटोळं घालून बसलेला दिसावा, तसं त्यांचं झालं होतं. झोप लागायची ती बोटं आवळूनच. नवऱ्याने एकदा ती हळूच सोडवायचा प्रयत्न केला तर त्या ओरडत उठल्या.

शेवटी त्यांनी भावाला बोलावलं. "मोड," त्या म्हणाल्या. "बाबांनी मोडली असं नुसतं सांगितलं होतं. या वेळी माझ्यासमोर मोड. मला दिसलं पाहिजे."

धाकट्याने हत्यारं आणली आणि तो गॅलरीत बसला. बाई आत उंबऱ्याच्या अलीकडे लाकडी स्टुलावर, नवरा त्यांच्या मागे. धाकट्याने गिटार मांडीवर पालथी घातली, उताणी घातली, आणि स्क्रू शोधू लागला. स्क्रू दिसेनात. मग त्याने नखाने खरवडून पाहिलं. प्रत्येक स्क्रू लाकडात खोल बसवून वर लाख ओतून बुजवला होता.

बाईंनी लांबूनच मान पुढे केली. हे असं नव्हतं, त्या म्हणाल्या. स्क्रू वर होते, चकचकीत होते. आणि समोरचा पत्रा कुठेय? पत्र्याच्या जागी आता काळ्या बेकेलाइटचा, म्हणजे वीज न वाहणाऱ्या जुन्या प्लास्टिकचा तुकडा होता, कुठल्यातरी रेडिओच्या पाठीचा. पितळी बिजागरी गेली होती, तिथे घासून गुळगुळीत केलेला लाकडाचा ठोकळा. तारा पिळायच्या खुंट्या धातूच्या होत्या, त्यांवर रेडिओची प्लास्टिकची बटणं घट्ट बसवलेली. वायर जिथे खोचायची ते भोकसुद्धा बेकेलाइटच्या वाटीत लपवलेलं. बाई एकेक गोष्ट सांगत होत्या, आधी काय होतं ते. त्यांना सगळं आठवत होतं. धाकटा एकेक गोष्ट उलगडत होता, आता काय आहे ते. बोटांना धातू लागावा अशी एकही जागा बाबांनी शिल्लक ठेवली नव्हती.

धाकट्याने झाकण उघडलं आणि आतले जोड तो एकेक करून पाहू लागला. वडिलांच्या हाताचं काम तो डोळे मिटून ओळखायचा. काही जोड साफ, टाचणीच्या डोक्याएवढे. काही मोठाले, ओघळलेले, शेजारचं लाकूड जळालेलं. तसे जोड बाबा अगदी शेवटी द्यायचे, हात कापायला लागल्यावर, असं त्याने सांगितलं. म्हणजे हे काम एकदाच करून ठेवलेलं नव्हतं. ते मधूनमधून फळी काढायचे, काहीतरी बदलायचे आणि पुन्हा फळी ठोकायचे. शेवटपर्यंत.

मग त्याने तारेवरून नख फिरवलं. नखाखाली पिवळट पापुद्रा निघाला.

"ताई," तो म्हणाला, "तारांना पण वार्निश लावलंय."

वार्निश लावलेली तार नीट वाजत नाही, हे बाबांना माहीत असणारच. तरी लावलं होतं. पापुद्रे निघाले की पुन्हा लावलं असणार, कारण एकावर एक थर दिसत होते.

धाकट्याने शेवटची गोष्ट दाखवली. ठोकळ्याखालून एक वायर निघायची, ती मधेच कापून टोकाला कापडी पट्टी गुंडाळलेली होती. ही वायर सगळ्या गिटारींना असते, त्याने सांगितलं. तिच्यामुळे तारा आतल्या जोडणीला आणि तिथून पेटीला जोडलेल्या राहतात. वाजवणाऱ्याचा हात तारेला लागला की गिटारची घरघर थांबते. पण पेटीत बिघाड असला तर त्याच वायरने… तो थांबला.

"कळलं," बाई म्हणाल्या.

नवऱ्याने पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात धरलं. मग म्हणाल्या, "बाबा घाबरले होते रे. मला वाटायचं रागावलेत."

मोडायचं कुणी पुन्हा बोललं नाही. धाकट्याने तारा चिंधीने घासून वार्निश काढलं, झाकण बसवलं, आणि जरा भीत भीत विचारलं की आवाज ऐकायचा का? प्लग नाही, भिंतीत जाणारी वायर नाही. दुकानात टेप तपासायला वापरायचो ती बॅटरीवरची छोटी पेटी आणलीय. बाईंनी त्याला ती पेटी उघडून दाखवायला लावली. आत सेल होते, दुसरं काही नव्हतं. त्यांनी ते सेल बाहेर काढायला लावले, पुन्हा घालायला लावले. आणि स्टूल आणखी एक हात मागे घेऊन म्हणाल्या, "लाव."

पेटी चालू झाली आणि गॅलरीभर गुणगुण पसरली. जाड, सलग, एका सुरातली.

बाई ताडकन उठल्या. हाच तो आवाज. दुपारी भिंतीतून यायचा तो. त्यांच्या हातांवरचे केस उभे राहिले होते. प्लग नाही तर हा आवाज कुठून आला, त्यांनी विचारलं, आणि विचारताना आवाज इतका बारीक झाला की भावाला पुन्हा विचारावं लागलं. धाकट्याने समजावलं की गिटार वीज तयार करत नाही, ती वीज ऐकते. आजूबाजूच्या वायरींमधून जी वाहते ती. ती कापलेली वायर जोडली, बेकेलाइटच्या आतून पत्रा लावला, तर हिचे कान बंद होतील. बाबांनी दोन्ही काढलंय, म्हणून हिला सगळं ऐकू येतंय. हे पटवायला त्याने गिटारचं तोंड रस्त्याकडे केलं. गुणगुण विरली. घराकडे वळवलं, ती वाढली.

बाईंच्या मनात काय आलं ते नवऱ्याला आधी कळलं, कारण त्या शिवणाच्या खोलीकडे बघत होत्या.

"आत घे," बाई म्हणाल्या.

धाकटा गिटार गळ्यात अडकवून, पेटी हातात धरून घरात फिरू लागला आणि बाई त्याच्यापासून चार पावलं मागे. फ्रिजपाशी गिटार गुरगुरली. मीटरपाशी तर जास्तच. दिवाणाजवळ जवळजवळ गप्प. शिवणाच्या खोलीत खिडकीकडच्या भिंतीशी ती अशी घोंघावली की धाकट्याने आवाजाचं बटण कमी केलं. तो म्हणाला की इथून जाडी वायर गेली असेल, त्यात काही नाही. बाईंनी नवऱ्याला मेन बंद करायला सांगितलं. नवऱ्याने केला. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला, दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात गिटारला काही ऐकू येईना.

शिवणाच्या खोलीत ती तशीच घोंघावत होती.

धाकट्याचा चेहरा उतरला. त्याने पेटी खाली ठेवली, खिशातला टेस्टर काढला आणि खिडकीच्या गजाला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. मंद, नारिंगी. घरातली सगळी वीज बंद असताना. त्या गजाच्या शेजारी इस्त्रीचं टेबल होतं, आणि रोज संध्याकाळी नवरा तिथे उभा राहून पडद्यांवर पाण्याचे शिंतोडे मारायचा आणि ओल्या हाताने तोच गज धरायचा.

"कुणी कशाला हात लावू नका," धाकटा हळू आवाजात म्हणाला. तिघंही खोलीच्या मध्यावर उभे राहिले. बाईंनी नवऱ्याचा शर्ट पाठीमागून मुठीत पकडला होता आणि बाहेर येईपर्यंत तो सोडला नाही.

वरच्या मजल्यावर एक शिक्षक राहत. धाकट्याने धावत जाऊन त्यांचा मेन बंद करायला लावला. खाली गिटार गप्प झाली. दुसऱ्या दिवशी वायरमनने भिंत फोडली. वरच्यांच्या पाणी तापवायच्या यंत्राची वायर त्या भिंतीतून गेली होती. तिच्यावरचं रबर ओल लागून कुजलं होतं आणि उघडी तांब्याची तार खिडकीच्या लोखंडी चौकटीला टेकत चालली होती. अजून पुरती टेकली नव्हती, वायरमन म्हणाला. टेकली असती तर, असं म्हणून त्याने वाक्य सोडून दिलं आणि छिन्नी उचलली.

नवरा त्या दिवशी कामावर गेला नाही. जेवण झाल्यावर तो बायकोशेजारी येऊन बसला. नेहमीसारखी गंमत त्याने केली नाही.

"तू म्हणायचीस," तो म्हणाला.

"म्हणायचे," बाई म्हणाल्या.

आता कुणाला वाटेल की धोका सापडला, भिंत दुरुस्त झाली, म्हणजे बाईंची भीती गेली असेल. उलट झालं. आजवर निदान सगळे म्हणायचे की तुझ्या मनाचे खेळ आहेत, आणि कधीकधी बाईंनाही ते पटायचं. तेवढा आधार आता गेला. नळाला हात लावताना त्या थबकू लागल्या. नवरा इस्त्री करत असताना त्या दारात उभ्या राहायच्या, डोळ्याचं पातं न लवता, आणि त्याचं पाणी मारणं त्यांनी बंद करायला लावलं. फक्त एक बदल झाला. आता भीती कुठे आहे ते विचारायला त्यांच्याजवळ कुणीतरी होतं. सकाळी उठल्यावर त्या पेटी चालू करायच्या, गिटार गळ्यात घालायच्या, तारांना हात न लावता, नुसती लाकडाला धरून, आणि घरभर फेरी मारायच्या. जिथे ती गुरगुरायची ते ठिकाण त्यांना कळायचं. जिथे गप्प राहायची तिथे त्या मोकळा श्वास घ्यायच्या.

शेजारणींच्या कानावर हे गेलं. आधी हसल्या, मग एकेक जण येऊन आमचीही भिंत बघा म्हणू लागली. बाईंना नाही म्हणवेना. पडद्याचं माप घ्यायला गेल्या की गिटारही न्यायच्या. उंबऱ्यावर पाऊल अडायचं, तरी जायच्या. एका घरात गिटार फार ओरडली म्हणून त्या पडद्याचं माप न घेताच परत आल्या आणि घरमालकीणबाईंनी रागारागाने वायरमन बोलावला. पुढे काय निघालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण पडद्यांचं काम मात्र बाईंनाच दिलं.

धाकट्याला हे बघवत नसे. एवढी बाबांनी बनवलेली गिटार आणि ताई तिचा टेस्टर करून बसलीय. तो म्हणाला, की एक वायर जोडतो, पत्रा लावतो, घरघर पार जाईल, मग वाजव. बॅटरीवर तर धोका काहीच नाही. बाईंनी विचारलं, "वायर जोडली की माझा हात तिच्याशी जोडला जाणार ना?" तो म्हणाला, तसंच म्हण. बाई म्हणाल्या की मग राहू दे. बाबांनी कापलीय ती कापलेलीच राहू दे.

पण तारांना त्यांनी हात लावला. एका दुपारी, घरात कुणी नसताना, आधी बोटांच्या पाठीने, विजेचं काम करणारे लावतात तसा, चटका बसला तर हात आपोआप मागे यावा म्हणून. काही झालं नाही. मग बोटांची टोकं टेकवली. वळ तारांवर नेमके बसले. त्यांनी पाचवं बटणही दाबून पाहिलं. छातीत इतकं धडधडत होतं की त्यांना वाटलं गिटार तेही ऐकेल. त्यांनी एक सूर काढला, मग दुसरा. वरच्या त्या चुकलेल्या पट्टीवर बोट आपणहून तार ओढून गेलं, आणि सूर बरोबर लागला. बाईंनी गिटार खाली ठेवली आणि त्या आपल्या हातांकडे बघत बसल्या.

त्यानंतर त्या रोज थोडं वाजवू लागल्या. मजेने नाही, भीत भीतच. घरघर मागे असायचीच, आणि ती ऐकत वाजवणं म्हणजे झोपलेल्या कुत्र्याशेजारून चालत जाण्यासारखं होतं. कपाळाला घाम यायचा. एक गाणं निम्मं वाजवून झालं की त्या थांबायच्या.

मग एका दुपारी सगळ्या भागातली वीज गेली. नवरा घरीच होता. पंखा थांबला तसा तो वर्तमानपत्राने वारा घेऊ लागला. रस्त्यावर दुकानदार बाहेर आले, वरचे शिक्षक खिडकीतून वीज कंपनीच्या नावाने ओरडले. बाई गिटार घेऊन बसल्या होत्या. बॅटरीची पेटी चालूच होती. आणि गुणगुण नव्हती. भिंतीत नाही, छतात नाही, कुठेच नाही.

बाईंनी गिटार एका भिंतीकडे वळवली, मग दुसरीकडे. मग त्यांनी तार छेडली. नुसता तारेचाच आवाज आला, मागे कसलीच घरघर न घेता. नवऱ्याचा वर्तमानपत्राचा हात थांबला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण आपल्या बायकोला वाजवता येतं हे त्याने फक्त ऐकलं होतं. बाईंनी ते निम्म्यावर सोडलेलं गाणं सुरुवातीपासून घेतलं आणि पुढे गेल्या. मधे एका जागी विसरल्या, परत मागे आल्या, आठवलं. दुसरी ओळ आली तेव्हा त्यांनी ती अगदी हळू, ओठ फारसे न उघडता म्हटली.

वीज किती वेळ गेली होती ते दोघांनाही नंतर सांगता आलं नाही. मग फ्रिज धडधडला, पंखा फिरू लागला, आणि गिटारीतून ती जाड गुणगुण पुन्हा वर आली. बाईंची बोटं तारांवरून झटकन उचलली गेली. त्या तशाच बसून राहिल्या, हात हवेत धरून. नवरा उठला, मीटरपाशी गेला, आणि काही न विचारता त्याने मेन बंद केला.

"गरम होईल तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"होऊ दे," तो म्हणाला आणि पुन्हा वर्तमानपत्र उचलून वारा घेऊ लागला.

बाईंनी कान देऊन पाहिलं. शेजारच्या घरांतली थोडी गुणगुण अजून येत होती. त्यांनी खुर्ची खोलीच्या मध्यावर ओढली, रस्त्याकडे तोंड केलं, आणि आवाज अगदी बारीक होईपर्यंत जरा जरा वळत राहिल्या.

मग त्यांनी हात तारांवर आणला.